लेकीचं झाड

“अगं बया! ह्यो आंबा हाय का पपई?”

चिमणाबाईनं पाटीतलं गवत बाजूला सारलं आणि गालावर हात ठेवला. पाटी हुसेनबीच्या सोप्यात मधोमध विसावली होती. कोल्हापूरहून तीन दिवस बैलगाडीत हिंदकळत ती गडहिंग्लजला पोचली होती, आणि गाडी वेशीत असतानाच गल्लीतल्या बायकांना तिचा सुगावा लागला होता. दर साली हेच व्हायचं. वैशाख सरत आला की हुसेनबीच्या माहेरची पाटी यायची, आणि कुणी विरजण मागायला, कुणी चाळण परत द्यायला अशा बायका तिच्या दारात जमायच्या. चाळण नेलेली असायची गेल्या दिवाळीत, पण परत द्यायची आठवण नेमकी त्याच दिवशी व्हायची.

“बगा की आक्का,” गाडीवान पिराजी उंबऱ्यावर बसून पाणी पीत म्हणाला. आंबे त्याच्याच परड्यातले असावेत अशा ऐटीत तो बोलत होता. “एकेक फळ अर्ध्या शेराचं हाय. बाबालालभाईंनी सोताच्या हातानं भरल्यात. म्हणलं, माझ्या भनीला सांग, औंदा पाटी काठोकाठ हाय.”

हुसेनबीनं एक आंबा उचलला. हातात मावेना असा होता. पिवळाधमक, गुळगुळीत, देठापाशी केशरी लाली चढलेली. तिनं तो नाकाशी नेला. वास चांगला होता. शेजारणी नुसत्या वासानंच डोळे मिटून उभ्या होत्या. हुसेनबीनं मात्र तो पुन्हा एकदा हुंगला.

“ह्यो माझा न्हवं,” ती म्हणाली.

“तुझा न्हवं तर मला दे,” चिमणाबाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

“न्हाय गं, खरंच. माझ्या झाडाचा न्हवं ह्यो. पिराजी, कुठल्या झाडाचं घातल्यात ह्ये?”

“आता मला काय म्हाईत आक्का? भाईंनी दिली, मी आणली. तोंडात तर घाला, मग बोला.”

विळीवर आंबा चिरला. सुरीनं लोणी कापावं तशी फोड निघाली. एक दोर नाही, आंबटाचा लवलेश नाही. बायकांनी साली चाटूनपुसून ठेवल्या. “नशीब लागतं गं असा भाऊ मिळायला,” चिमणाबाई म्हणाली, आणि पदराला हात पुसत चार आंबे घेऊन गेली. हुसेनबीनं सगळ्यांना हसून वाटे दिले. मग ती आत गेली, चुलीपुढं बसली आणि पदराचा बोळा तोंडात धरून रडली. पन्नाशीला आलेली बाई, तीन नातवंडांची आजी, आंब्यापायी रडते, हे कुणी बघितलं असतं तर गावभर झालं असतं.

पण ते झाड काय होतं, हे गडहिंग्लजात कुणाला ठाऊक होतं?

हुसेनबीचा आजा, सिकंदर बागवान, डोक्यावर पाटी घेऊन कोल्हापुरात फळं विकायचा. पन्हाळ्याच्या बाजूनं आंबे आणायचा, आणि जो आंबा जिभेला पटेल त्याची कोय पटक्याच्या शेवाला बांधून ठेवायचा. पोटाला चिमटा काढून त्यानं रंकाळ्याच्या पलीकडं तीन एकरांचा माळ घेतला, तेव्हा लोक हसले. म्हणाले, म्हाताऱ्याला वेड लागलं, माळावर कुसळं उगवत नाहीत तिथं हा आंबे लावतोय. आजानं कावडीनं पाणी वाहिलं. हसणारे मेले, आंबे मोठे झाले. कोयीचीच झाडं ती, एकासारखं दुसरं नाही. खोबऱ्या नावाच्या झाडाचं फळ ओल्या नारळासारखं गोड, काळ्याचं पिकलं तरी हिरवंच, गोटीचं लिंबाएवढं. आणि एक होता शेप्या. त्याच्या फळाला शेपूच्या भाजीचा वास यायचा. आकारानं बेताचं, दोरा मोप, रस पाण्यासारखा पातळ, आणि कोयीपाशी गेलं की अशी आंबट शिणक उठायची की एक डोळा आपोआप मिटायचा.

सिकंदर बागवानानं घरात एक रीत घालून दिली होती. जमीन पोरांची, झाड पोरींचं. काजीसाहेबांनी त्याला सांगून बघितलं, की बाबा, शरियतीप्रमाणं मुलीला जमिनीत वाटा असतो. आजा म्हणाला, “जमीन दिली तर जावई इकून खातोय. झाड कुठं उचलून न्हेतोय?” निकाहाच्या दिवशी सकाळी, हळद लागायच्या आधी, मुलीनं आपल्या झाडाला सात घागरी पाणी घालायचं. त्यानंतर ते झाड तिचं. ती जिवंत असेतो दर साली त्याची पहिली पाटी तिच्या सासरी जायची, आणि ती पाटी गेल्याशिवाय घरात कुणी आंब्याला तोंड लावायचं नाही. आत्याच्या माघारी तेच झाड भाचीला.

हुसेनबीचा निकाह बाराव्या वर्षी झाला. घागर उचलेना, म्हणून आजानं खालून हात लावला होता. समोर खोबऱ्या फळांनी वाकला होता, पण तो तिच्या फुफूचा, म्हणजे आत्याचा. हुसेनबीला मिळाला शेप्या. ती सातवी घागर ओतून रडायलाच लागली. “आज्जा, मला ह्यो नगं. मला खोबऱ्या पायजे.”

“खोबऱ्या समद्यांस्नीच आवडतो गं पोरी,” आजा म्हणाला होता. “शेप्याला कोण हाय? म्हणून तुला दिला. तू त्येचं बघ, त्यो तुझं बघंल.”

गडहिंग्लजला पिंजाऱ्याच्या घरात ती नांदायला आली. सासू मोठी तोंडाळ. पाटी आली की दर साली म्हणायची, “आली गं दोरखंडं! तुझ्या म्हायेरचा आंबा खाल्ला की दात कोरण्यात दोन दिस जात्यात.” हुसेनबी खाली मान घालून कोया गोळा करायची. कोल्हापूरच्या गादीवर महाराज बसले तेव्हा तिच्या कडेवर तिसरं लेकरू होतं, आणि सासूचं ते बोलणं तिला पाठ झालं होतं. पुढं सासू गेली, नवराही गेला. मग मात्र पाटी आली की हुसेनबी दुपारची एकटीच परड्यात बसायची. आंबा दोन्ही हातांत मऊ करायची, देठाची पहिली धार मातीत टाकायची आणि चोखायची. रस कोपरापर्यंत ओघळायचा, एक डोळा मिटायचा. आणि तेवढ्या वेळापुरती ती त्या बागेत असायची. पाटातून वाहणारं पाणी, मोटेचा करकर आवाज, आजाची खोकल्याची उबळ, सगळं जागच्या जागी असायचं. परड्यात तिनं शेप्याच्या कितीतरी कोया पुरल्या. एक झाड वाढलंही. पण कोय आईबापाचं थोडंच ऐकते? त्याला जे फळ आलं ते कावळ्यांनीही टाकलं.

गेली चार-पाच वर्षं पाटी लहान लहान होत चालली होती. पाऊण झाली, मग निम्मी, आणि गेल्या साली तर तळाला पंधरा-वीस फळं. हुसेनबी मनात म्हणायची, आई गेली, माहेर पातळ झालं, असंच व्हायचं. पण त्या पंधरा फळांना वास तरी शेपूचा होता. आणि आज ही परकी, देखणी, भरलेली पाटी. तिला दुसरं काही सुचेना. झाड पडलं असणार. वळवाच्या वाऱ्यात उन्मळलं असणार, फुफूचा खोबऱ्या गेला तसंच. आणि भावानं तिला कळू नये म्हणून बाजारातून आंबे घेऊन पाठवले असणार.

“पिराजी,” ती बाहेर येऊन म्हणाली, “परत कवा निगनार हाईस?”

“उंद्याला सकाळी. का ओ?”

“मी येनार हाय.”

मुलगा म्हणाला, अम्मी, एवढ्या उन्हात? सून म्हणाली, निरोप पाठवा की. हुसेनबीनं कुणाचं ऐकलं नाही. आई वारली तेव्हा ती माहेरी गेली होती, त्याला सहा वर्षं झाली होती. भाकऱ्या बांधल्या, चटणी घेतली आणि दुसऱ्या दिवशी ती गाडीत बसली. वाटेत निपाणीला एक मुक्काम, कागलला दुसरा. पिराजी सारखा बोलत होता आणि ती सारखं हूं म्हणत होती. डोळ्यांपुढं एक खड्डा होता, झाड जिथं होतं तिथला. त्या खड्ड्यापाशी उभं राहून भावाला काय म्हणायचं, हेच तिचं मनातल्या मनात चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी रंकाळ्याला वळसा घालून बागेच्या बांधापाशी थांबली. बाबालाल आळ्यात पाणी सोडत होता. बहिणीला बघून त्याच्या हातातलं फावडं गळून पडलं. तो धावायला गेला, आणि हुसेनबीला दिसलं की तो डावा पाय ओढतोय. दाढी पांढरी झाली होती. साठीचा होता, पण सत्तरीचा दिसत होता.

“हुसेन! अगं कळवायचं तरी! नजीरा, ए नजीरा, बग कोण आलंय!” त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच, घरात चल नाही की पाणी पी नाही, “पाटी पोचली न्हवं? खाल्लास? कसा लागला?”

“भाई, माझं झाड कुठं हाय?”

“कुठं म्हंजे? जाग्यावर हाय! त्येच बगायला आलीस व्हय? मला वाटलंच हुतं तू येनार. चल, आधी तिकडंच चल.”

लहान पोरानं नवा भोवरा दाखवायला न्यावं तसा तो पाय ओढत पुढं निघाला. काळ्याच्या सावलीतून, पेरूच्या रांगेमधून. आणि खरोखरच झाड जागच्या जागी होतं. तोच बुंधा, तीच कमरेएवढ्या उंचीवरची गाठ, जिच्यावर बसून ती लहानपणी पाय हलवायची. हुसेनबीच्या जिवात जीव आला. मग तिनं मान वर केली.

वर तिचं झाड नव्हतं. चार मोठ्या फांद्या जिथून फुटत होत्या, तिथं त्या कापलेल्या दिसत होत्या. कापल्या जागी जुनी साल ओठांसारखी फुगून मिटली होती, आणि तिथून नव्या, सरळ, तुकतुकीत फांद्या वर गेल्या होत्या. तीन बाजूंना मोठमोठे पिवळे आंबे लोंबत होते. चौथ्या बाजूच्या कोवळ्या डहाळ्यांना अजून केळीच्या सोपटाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या.

“हापूस!” बाबालाल म्हणाला. “कोयीचं न्हवं, कलमी. बेळगावकडचा एक माळी आलता, त्येच्याकडनं शिकलो. आधी फांदी छाटायची, तिला नवं फुटू द्यायचं, मग त्या कोवळ्या फुटव्यावर हापूसची काडी बांदायची. एका वर्साला एकच फांदी. मुद्दाम. समद्या एकदम छाटल्या असत्या तर तुझी पाटी चुकली असती. गेल्या सालापतूर शेवटची जुनी फांदी तुझ्यापायी ठेवलती मी.”

म्हणजे पाटी म्हणून लहान होत होती. हुसेनबीनं बुंध्यावरच्या गाठीवर हात ठेवला. आणि शब्द फुटला तो भलताच मोठ्यानं फुटला.

“कुणी सांगितलंतं तुला?”

“आँ?”

“कुणी सांगितलंतं माझं झाड कापायला? आज्जानं मला दिलतं त्ये! माझं हुतं! मला इचारलंस? ह्ये गोड गोड मला काय करायचंय? बाजारात कुणालाबी मिळतंय त्ये! माझा आंबा कुठं हाय, भाई? माझा शेप्या कुठं हाय?”

बाबालालचा चेहरा उतरला. तो बुंध्याला हात टेकून उभा राहिला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

“तूच सांगितलंस की, हुसेन,” तो म्हणाला. “अम्मा गेली तवा. चाळिसाव्याच्या दिशी. हितंच बसून रडत हुतीस. म्हनलीस, समद्यांस्नी गोड झाडं, माझ्याच नशिबाला ह्ये दोरखंड. सासूनं जल्मभर हिनवलं, म्हायेरच्या आंब्यापायी सासरी मान वर करता आली न्हाय. माझी तेवढी भन, आन् तिला मान वर करता येईना, ह्ये ऐकून मला जेवान गेलं न्हाय.”

हुसेनबीला आठवलं. आपण बोललो होतो, शब्दन् शब्द हाच. आई गेल्याचं दुःख होतं, ते कुठूनतरी बाहेर पडायला हवं होतं, आणि झाड समोर होतं. माहेरी बसून माहेराला नावं ठेवायची, ती लेकींनी नाही तर कुणी ठेवायची? सासूच्या तोंडून तेच शब्द सुईसारखे टोचायचे, आणि स्वतःच्या तोंडून काढताना मात्र हलकं वाटलं होतं. बोलून झाल्यावर तिनं पाटीभर आंबे चोखले होते. पण भाऊ बिचारा सरळ माणूस. तक्रार ऐकली की दुरुस्ती करायची, एवढंच त्याला ठाऊक. आता बोल कुणाला लावायचा? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

“चल भाई, घरात चल,” ती म्हणाली. “ऊन लई हाय.”

घरात भावजय नजीरानं पाय धुवायला पाणी दिलं, भाकरी वाढली. रशिदा, बाबालालची एकुलती एक लेक, फुफूला चिकटूनच बसली. सतरा वर्षांची, बोलायला चुणचुणीत. बकरी ईद झाली की तिचा निकाह होता, मिरजेला द्यायची होती. “फुफू, तुमच्या झाडाचा आंबा म्हंजे साखर हो! पाटी गेल्यावर आम्ही खाल्ला. पयलं ते दोऱ्याचं आंबं मला न्हाय आवडायचं. अब्बा म्हनत्यात, पुढं हे झाड माझंच हाय. खरं?”

“येडी!” नजीरा ओरडली. “फुफू बसलीया पुढ्यात, आन् झाड मागतीस?”

“मागू दे की,” हुसेनबी म्हणाली. “रीतच हाय ती.”

बाबालाल न जेवताच उठून बाहेर गेला. तेव्हा नजीरा हलक्या आवाजात म्हणाली, “त्येंचा पाय बगितलासा? तिसऱ्या फांदीला काडी बांदताना शिडीवरनं पडलं. दोन महिनं हातरुनावर हुतं. मी म्हनलं, पुरं झालं आता. तर म्हनं, हुसेनच्या पाटीला अजून दोन साल हाईत, एवढ्यात कसं थांबू? तुमच्या तोंडनं गोड म्हनून ऐकायचं हुतं त्येंस्नी. पिराजी पाटी घिऊन गेला त्या दिसापासनं रोज वाटंकडं बगत हुतं.”

हुसेनबीनं हातातला घास ताटात परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत ती एकटीच झाडाकडं गेली. बाबालाल आधीच तिथं होता. बुंध्याशी उकिडवा बसून खाली बघत होता. त्याच्या हातात विळा होता, पण तो काही कापत नव्हता.

“हिकडं ये, हुसेन,” तो म्हणाला. “तुला दावायचं हाय.”

जमिनीपासून वीतभर वर, जुन्या खरबरीत सालीतून, दोन फुटवे बाहेर आले होते. बोटाएवढे जाड, हातभर लांब, आणि शेंड्याला तांबूस कोवळी पानं.

“ह्ये वरचं न्हवं,” बाबालाल म्हणाला. “वर हापूस हाय. ह्ये खालचं, मुळाचं, आज्जानं लावल्यालं. दर म्हैन्याला फुटतंय, आन् मी दर म्हैन्याला काढतोय. मूळ अजून इसरलं न्हाय बग. ह्ये दोन काढायचं ऱ्हायल्यात.” त्यानं विळा खाली ठेवला. बोलायला त्याला जड जात होतं. “रातभर इचार केला मी. ह्ये ठेवूया. वरचं समदं उतरवतो. दोन्ही न्हाय जमत, खालचं वाढाय लागलं की वरचं मरतंय. पर ह्ये ठेवलं, तर सा-सात वर्सांत तुझा शेप्या धरंल. त्योच. तसाच आंबट.”

हुसेनबी खाली बसली. तिनं एक तांबूस पान खुडलं, तळहातावर चुरगाळलं आणि नाकाशी नेलं.

शेपूचा वास आला. उग्र, आंबूस, ओला. त्याबरोबर सगळंच आलं. घागरीच्या बुडाला लागलेला आजाचा हात आला, आईची हाक आली, बारा वर्षांची ती स्वतः आली. आयुष्यात तिनं कशाची फारशी इच्छा धरली नव्हती. दागिने मागितले नव्हते, वाटा मागितला नव्हता. पण हे मात्र तिला हवं होतं, इतकं हवं होतं की जीव कासावीस झाला. “ठेव” एवढा एकच शब्द बोलायचा होता. भाऊ तेवढ्यासाठीच तिच्या तोंडाकडं बघत होता. तिनं ठेव म्हटलं असतं, तर त्यानं आजच शिडी लावली असती. त्या पायानं.

ती कधीची ठेव म्हणायला तोंड उघडत होती आणि पुन्हा मिटत होती. याच झाडाखाली बसून ती एकदा बोलली होती, आणि त्या बोलण्याला सहा वर्षांनी फळं धरली होती.

“सा-सात वर्सं,” ती म्हणाली. “तवर मी कुठं, तू कुठं, भाई?”

“आसू की. का नसू?”

“आन् मी असतानाच ह्ये झाड रशिदाच्या हवाली करायचं म्हनते, मग सात घागरी तिला कशाला घालायला लावनार? बोडक्या बुंध्याला?”

बाबालालनं फुटव्यांवरची नजर काढून वर आंब्यांकडं बघितलं.

“काल मी रागानं बोलले,” हुसेनबी म्हणाली. “तुझी पाटी आली तवा गल्लीतल्या समद्या बाया गोळा झाल्या. चिमणाबाईनं साल सुदीक सोडली न्हाय. म्हनली, नशीब लागतं असा भाऊ मिळायला. सासू आज असती, तर गप बसून खाल्ला असता तिनं.”

“खरं सांगतीस?”

“खुदाची आन.”

“आन् तू? तू खाल्लास?”

“खाल्ला. गोड हाय भाई, लई गोड हाय.”

बाबालालनं पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं. घाम पुसला की डोळे, ते तिनं बघितलं नाही. मग त्यानं विळा उचलला, फुटव्याला लावला, आणि तसाच खाली ठेवला.

“मला न्हाय जमत,” तो म्हणाला. “इतके दिस काढलं, तवा काय वाटलं न्हाय. आज हात हुईना.”

“तू जा. न्हारी कर. काल उपाशी झोपलास. मी बगते हितलं.”

तो उठला, गुडघ्यावर हात टेकून, आणि पाय ओढत पेरूच्या रांगेतून घराकडं गेला. दोनदा मागं वळून बघितलं. तो दिसेनासा होईपर्यंत हुसेनबी बसून राहिली. मग तिनं एक फुटवा मुठीत धरला. विळ्याची गरज पडली नाही. कोवळाच होता, खाली दाबल्याबरोबर सालीसकट निघाला. तुटल्या जागी चिकाचा थेंब आला. तो ओघळेपर्यंत तिनं बघितला.

दुसऱ्याला तिनं हात घातला, आणि घालून तो मागं घेतला. पाटाला पाणी आलं होतं. रशिदा घागर घेऊन पाटाकडं निघाली होती, गुणगुणत.

“रशिदा!” हुसेनबीनं हाक मारली. “घागर ठेव, हिकडं ये.”

रशिदा आली, फुफूच्या शेजारी बसली.

“ह्ये बग. खालनं असं फुटत ऱ्हातंय. दर म्हैन्याला येऊन बगायचं. तुझं लगीन झालं की अम्मीला सांगून जायचं. दिसलं की काढायचं, आळस करायचा न्हाय.”

“किती छान तांबडं हाय,” रशिदा म्हणाली. “ठेवलं तर?”

“ठेवलं तर वरचं मरतंय.”

रशिदानं ओढणी कमरेला खोचली आणि फुटवा मध्येच धरून मोडला. बोटभर खुंट बुंध्याला तसाच राहिला.

“असं न्हवं,” हुसेनबी म्हणाली. तिनं भाचीचा हात धरून खाली, पार सालीपर्यंत नेला. “खुंट ठेवला की परत फुटतंय. बुडापासनं काढ.”

रशिदानं जोर लावला. खुंट निघाला.

“आता?”

“हां,” हुसेनबी म्हणाली. “आता बरोबर हाय.”